दुसरा मोजा

रमोना: आज? आज म्हणजे आज?

डेल: आजच. सहा वाजता. तीस तारीख ना.

रमोना: अख्ख्या देशात पोरं हॅलोविनची सोंगं एकतीसला काढतात, डेल.

डेल: काढू देत. डे मॉइनमध्ये तीसलाच. मी लहान होतो तेव्हाही तीसलाच. कॅलेंडरवर छापलंय की, 'मागत्यांची रात्र'.

रमोना: ते हे? मला वाटलं, गोरगरिबांसाठी काहीतरी असेल. चर्चची माणसं दारोदार धान्य मागायला येत असतील.

डेल: एक मिनिट. दाराशी वाटाण्याचे डबे रचून ठेवलेस, ते त्यासाठी?

रमोना: चोवीस डबे.

डेल: मला वाटलं, तुला वाटाणे आवडतात.

रमोना: हसू नकोस. विनोद सांगितल्याशिवाय इथे पोरांना कुठल्याच दारात गोळ्या मिळत नाहीत, हे तेवढं लग्न झाल्यापासून दहा वेळा सांगितलंस. तारीख नाही सांगितलीस एकदाही. आणि तू बोलतोयस कुठून? विहिरीतून आल्यासारखा आवाज येतोय.

डेल: तळघराच्या जिन्यातून. मशीनचं सोंग अंगात चढवलंय. म्हटलं, वर येऊन दाखवावं तुला. बटणंसुद्धा फिरतात.

रमोना: मग ये की.

डेल: दारात अडकलंय.

रमोना: दिवसभर लोकांच्या घरांना दारं बसवून देणारा माणूस तू.

डेल: खोक्याचं माप घेतलं होतं. दाराचं राहिलं.

रमोना: तिथेच थांब.

डेल: दुसरं काय करणार?

रमोना: इंग्रिड! खाली ये जरा.

इंग्रिड: काय झालं?

रमोना: चार वाजलेत. सहाला पोरं बाहेर पडणार. तुझे बाबा धुलाईचं मशीन होऊन जिन्यात अडकलेत, माझ्या सोंगाच्या, धुण्याच्या पावडरच्या खोक्याला अजून रंग नाही, आणि माझी नेयेली दीड तासात शेजारच्या हॉगनबाईंकडून परत येईल. तिला मी काल रात्रीच सांगितलंय, अजून दोन झोपा, मग हॅलोविन.

इंग्रिड: मग एक झोप वाचली तिची.

रमोना: तुला माहीत होतं आज आहे ते?

इंग्रिड: इथे सगळ्यांनाच माहीत असतं.

रमोना: मी डबे रचत होते तेव्हा तू तिथेच होतीस. सोमवारी. धान्य न्यायला कधी येतात गं, असं मी विचारलंसुद्धा तुला.

इंग्रिड: मी म्हटलं, सहा वाजता.

रमोना: हो. खोटं नाही बोललीस. हुशार आहेस.

डेल: इंग्रिड, हे खरं आहे?

रमोना: तू मधे पडू नकोस.

डेल: मी कुठेच पडू शकत नाही.

इंग्रिड: मी आधीच सांगितलं होतं, मी येणार नाही म्हणून. मशीन, पावडर, दोन मोजे, असं चौघांचं मिळून सोंग तुम्हाला हवंय. मला नकोय.

रमोना: सांगितलं होतंस. मी एका शब्दानं आग्रह केला का?

इंग्रिड: मग शिवणयंत्राखाली दुसरा मोजा कसा आला? माझ्या अंगाच्या मापाचा?

रमोना: कापड उरलं होतं.

इंग्रिड: माझं माप कुठून मिळालं?

रमोना: धुवायला टाकलेल्या सदऱ्यावरून. बरं, चोरी केली मी, कबूल. आता तुझं सांग. मी चुकावं असं का वाटलं तुला?

इंग्रिड: तू नाही. ते सोंग चुकावं. एकतीसला तुम्ही नटूनथटून दाराबाहेर पडला असता आणि रस्त्यावर कुणीच नसतं. मग पुढच्या वर्षी कुणी नाव काढलं नसतं.

रमोना: बापरे. दुष्मनाला नको अशी पोर.

इंग्रिड: तुला माहीत नाही, आमचं काय झालं ते.

रमोना: नाही माहीत. तुझ्या बाबांकडून काही काढायचं म्हणजे गंजलेला खिळा काढायचा.

डेल: ऐकू येतंय मला.

रमोना: ऐक. बोल तू, इंग्रिड.

इंग्रिड: आम्ही हॅलोविनला रस्त्यावरचा सिग्नल व्हायचो. आई लाल, मी पिवळी, बाबा हिरवे. काळ्या पुठ्ठ्यावर गोल कापड. तीन वर्षं तेच. सगळी गल्ली ओळखायची. मग आई पोर्टलंडला गेली राहायला. मागच्या वर्षी बाबा म्हणाले, आपण दोघं जाऊ, त्यात काय.

डेल: मला वाटलं, तुला बरं वाटेल.

इंग्रिड: बावीस घरं. बावीस घरांत विचारलं, लाल कुठंय? कुणी वाईट हेतूनं नाही विचारलं. विनोद म्हणूनच विचारलं. बाबा प्रत्येक ठिकाणी हसले.

रमोना: आणि तू?

इंग्रिड: मी पिवळी होते. मी काय करणार?

डेल: मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं नाही.

इंग्रिड: एकट्यानं भूत होऊन गेलं की कुणी विचारत नाही, बाकीचे कुठे गेले. चादर घ्यायची, दोन भोकं पाडायची. संपलं.

रमोना: बरोबर आहे तुझं.

इंग्रिड: काय?

रमोना: बरोबर आहे म्हटलं. चादर घे, कपाटात वरच्या खणात आहे. मी नेयेलीला घेऊन जाते. मशीन सुटलं तर मशीनलाही नेते.

इंग्रिड: आणि तिचा विनोद?

रमोना: तुला काय माहीत तिचा विनोद?

इंग्रिड: तिची खोली माझ्या भिंतीपलीकडे आहे. तीन आठवडे ऐकतेय. पहिला मोजा विचारतो, एवढे दिवस होतीस कुठे? दुसरा म्हणतो, मशीनच्या मागे, दोन महिने आंघोळ चुकवली. दोन्ही आवाज तीच काढते. दुसऱ्याचा जरा घोगरा.

रमोना: घोगरा आवाज तुझा. म्हणजे, तुझा असं ती समजते.

इंग्रिड: माझा आवाज असा नाहीये.

रमोना: सकाळी असतो. शाळेत ऑगस्टपासून चार वाक्यं बोलली असेल ती. बाईंनी चिठ्ठी पाठवली, मुलीला ऐकू येतं ना? आणि ही घरी भिंतीशी विनोद करते.

इंग्रिड: दोन्ही वाक्यं तीच म्हणेल मग.

रमोना: म्हणेल.

इंग्रिड: दारात उभी राहून. एकटी. मोजा घालून.

रमोना: सात वर्षांची आहे. लोक कौतुकच करतील.

इंग्रिड: लोक विचारतील, दुसरा कुठंय.

रमोना: मी काही म्हणाले का?

इंग्रिड: नाही.

डेल: मीही काही म्हणालो नाही.

इंग्रिड: बघू दे तो मोजा. ... हा कसा शिवलास तू?

रमोना: का? टीप सरळ आहे.

इंग्रिड: टीप सरळ आहे, पण हा कोटावरून कसा चढणार?

रमोना: कोटावरून? सोंग कोटावरून घालतात?

इंग्रिड: बाहेर डबक्यांवर बर्फ धरलंय, रमोना. इथे सोंग कोटावरूनच शिवतात. राजकन्यासुद्धा कोटावरूनच होतात.

रमोना: आमच्या तुसानच्या वाळवंटात आम्ही घामानं रंगवलेल्या मिशा ओघळू नयेत म्हणून पंखा घेऊन फिरायचो. मला काय ठाऊक? नेयेलीचा तरी बसेल. तिचा वाढत्या अंगाचा शिवलाय.

इंग्रिड: माझा?

रमोना: तुझा नेमक्या अंगाचा. तू घालशील असं वाटलं नव्हतं ना.

इंग्रिड: दोन्ही बाजू उसवाव्या लागतील. मधे चार बोटांची पट्टी घालायची, काखेपासून खालपर्यंत. आई तसंच करायची. निळं कापड आहे अजून?

रमोना: चिंधीसुद्धा नाही. शेवटचं त्या टाचेत गेलं. आता दुकानात जायचं म्हणजे पाऊण तास.

इंग्रिड: थांब.

(इंग्रिड वरच्या मजल्यावर जाते. तळघराच्या जिन्यात डेलचा पुठ्ठा कुरकुरतो.)

डेल: रमोना, मी खोकं कापून काढू का?

रमोना: नको. मशीन फाटलं तर मोजे कुणाच्या मागे पडणार? श्वास आत घे आणि तिरका हो.

डेल: मागच्या वर्षी मी नुसताच हसत होतो गं. दुसरं काय करावं कळेना.

रमोना: ते तिला सांग. मला नको.

इंग्रिड: हे घे. दोन पट्ट्या निघतील.

रमोना: हे लाल कापड कुठलं? हे तर गोल आहे.

डेल: इंग्रिड. ते तुझ्या आईचं.

इंग्रिड: माहितीये. मीच ठेवलं होतं. ती न्यायची विसरली.

रमोना: हे मी नाही कापणार. तुसानच्या बायका आगाऊ असतात, पण इतक्या नाही. पडद्याची झालर उसवते, ती चालेल.

इंग्रिड: झालर पांढरी आहे, मळेल. हे लोकरी आहे, उबेलाही बरं. दे इकडे कात्री.

रमोना: एकदा कापलं की परत गोल व्हायचं नाही.

इंग्रिड: गोल होऊन कपाटातच होतं. बाबा, कापू ना?

डेल: काप, बाळा. मागच्या वर्षी मी... मी उगाच हसत होतो. मला रडायला यायचं.

इंग्रिड: मला वाटलं, तुम्हाला गंमत वाटते.

डेल: कसली गंमत.

इंग्रिड: बरं. तिरके व्हा. उजवा खांदा आधी. आता डावा कोपरा दाबा. या.

डेल: सुटलो. एक बटण गेलं.

रमोना: जाऊ दे बटण. त्या पावडरच्या खोक्याला पांढरा रंग लाव जा. आणि डबे आवर, नाहीतर पोरांच्या पिशव्यांत वाटाणे पडतील.

डेल: गोळ्या आणल्यात का?

रमोना: उद्या आणणार होते. मशीन उतरव आणि दुकानात पळ. रंग मी बघते.

इंग्रिड: टीप मी मारू?

रमोना: मार. हळू, ते यंत्र लाडावलेलं आहे. ... हात चांगला आहे तुझा. एक मोजा निळा, एक निळालाल. जोडी नाही जुळली.

इंग्रिड: या घरात जुळलेले मोजे कुणी पाहिलेत?

रमोना: तेही खरं. हं, कोट घाल. आता वरून. हात वर कर. बसला की गं. डोकं बाहेर काढ, डोकं.

इंग्रिड: कशी दिसते?

रमोना: मोज्यासारखी. नेयेली यायच्या आत एकदा म्हणून बघ, ऐन वेळी विसरायला नको. मी नेयेली. "काय गं, एवढे दिवस होतीस कुठे?"

इंग्रिड: इथेच. वरच्या खोलीत.

रमोना: उत्तर तसं नाहीये.

इंग्रिड: माहितीये.