नवरी कुठली

तेल अवीवच्या विमानतळावर सायप्रसच्या रांगेत माझ्यापुढे एक मोरोक्कन म्हातारी आणि तिची होणारी रशियन नातसून होती.

"फ्रेहाआजी, अजूनही घरी जा. धर्मगुरू रागावतील."

"रागावू दे. तुझं लग्न इथे लावणार नाही म्हणाला, तोच ना?"

"माझी आई ज्यू नाही, म्हणून त्यांच्या लेखी मीही नाही. नियमच आहे तसा."

"तुला सैन्यात नेलं, तेव्हा कुठे गेला होता हा नियम? सायप्रसला कचेरीत लागतं लग्न, धर्म न विचारता. गप चल, झोया."

तपासणीवाली पोरगी आली. "आजी, बरोबर न्यायला कुणी काही दिलंय?"

"दिलंय. ही मेहंदीची वाटी. मोरोक्कोत, फेझला माझ्या सासूने दिली, घरात येणाऱ्या सुनांचे हात रंगवायला."

"आणि नवरी कुठली?"

"आमच्या घरची. आणखी काही विचारायचंय?"