कापसाच्या पायघड्या

माहं माहेर नांदगाव खंडेश्वरच्या पल्याड. माहा जलम घरात नाई, कापसाच्या वावरात झाला. मायनं मले ओटीतल्या कापसात ठेवलं आन् राहिलेली ओळ येचून काढली, सांजच्याले कापसासंगं माहं बी वजन झालं, त शेतवाला म्हने आज कापूस ओला कसा लागून राहिला. खोटं वाटते, लिहिनारे दादा? मंग नका लिहू.

सासरी आमी दोघं मजूर. मी येचनारी, माहे मालक गाडी हाकनारे, आन् बोलायच्या बाबतीत मालकानं जलमभराचा उपास धरलेला. एकच पोरगा, गनपत. वीस वर्साचा झाला तरी बिनलग्नाचा, फाटक्या घरी पोरगी कोन देते? मंग काय सांगू तुमाले, साता समुद्रापल्याड, जिथून विलायतेले कापूस जाये, तिथले गोरे गोरे आपसात लढले आन् कापसाले असा भाव आला का वऱ्हाडात लोक बैलाले जिलेबी चारत. गनपत बी गाडी हाके. बार्शीटाकळीकडच्या एका पाटलाच्या कापसाच्या गंजीले आग लागली, त माह्या पोरानं भरलेल्या पाच गाड्या बाहेर काढल्या. बैल असे पळाले का त्यायची सावली मांगं राहिली, ते दुसऱ्या दिवशी न्याहारीले पोचली. पाटील खुश झाला आन् त्यानं आपली यमुना देल्ली.

लोक म्हने नशीब काढलं. मले त पोरगा हातचा गेल्यावानी वाटे. पोरगा माह्या हातची भाकर अर्धी ठेवे, बार्शीटाकळीच्या रस्त्याकडं पाहे. पाटलाची पोरगी, चांदीच्या वाटीत बोटं बुडवनारी, माह्या पोराले घरगडी करून ठेवन, असं मी गावभर सांगत फिरली.

लग्नाच्या दिवशी मी जानोशाच्या, आमची वरात उतरली त्या घराच्या, दारात आली, वाजंत्री वाजून राहिली, आन् पाहतो त काय, इहिनीसाठी पायघड्या म्हनून लुगडी नाई, धोतरं नाई, मांडवापर्यंत पांढराशुभ्र कापूस अंथरलेला. पाटील मिशीवर हात फिरवून राहिला. मी तिथंच थांबली. बाया म्हने इहीन रुसली, पुतळ्यांची माळ पाह्यजे असन. मी म्हटलं, “पाटील, येका येका बोंडापाई बोटं फाटतात आमची. ह्याच्यावर माहा पाय पडनार नाई. उचला, मंग येतो.”

पाटील म्हने पाय नाई पडला त लगीन बी नाई. मंग गनपत आला, बाशिंग बांधलेला, आन् हळूच म्हने, माय, मुहूर्त चालला वो. आवाज माह्या पोराचा, पन बोलला सासऱ्याच्या बाजूनं. त्याच्यासाठी पाय उचलला मी, देवाशप्पत उचलला, पन खाली ठेववे ना. बगळ्यावानी येका पायावर उभी राहिली, तीन घटका तरी असन.

तेवढ्यात मांडवातून हळदीनं पिवळी झालेली पोरगी निंगाली, बारा-तेरा वर्साची, आन् भुईवर बसून कापूस पदरात भराले लागली. पाटील वरडला, त मान वर न करता म्हने, “बाबा, हा माह्या येचनीचा कापूस हाये.”

हात पाह्यले मी तिचे. पाचोळ्याचा कन सुदा येत नव्हता कापसासंगं. म्या पदर खोचला आन् ह्या टोकाकडून सुरू झाली. रस्त्याच्या मंधात दोघींची डोकी आपटली. बोटं पाह्यली तिची, बोंडाच्या काट्यानं माह्यासारखीच फाटलेली. पाटलानं लगीन मागून लावलं, पोरगा मी तिथंच देऊन टाकला. कोन्या बामनाच्या मंत्रानं नाई.

आता लढाई सरली, भाव पडला, पाटलाची मिशी बी खाली आली. यमुना आन् मी रोज भांडतो, चुलीवरून, मिठावरून, तिचा आवाज नांदगावच्या बजारात आयकू येते, माहा अमरावतीत. बाया म्हनतात, म्हातारे, पोरगा बायकोचा झाला वो तुहा. झाला त झाला, म्या देल्ला, तुमच्या बापाचं काय गेलं? तुमच्या घरी बी अशीच सून येवो, बाप्पा, तोंडाले तोंड देनारी. लिहा.