तव्यावरची बोटं

(नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं कॅन्टीन. टेबलावर लीनाचा लॅपटॉप, त्याला ताण मोजायचं मशीन जोडलेलं. भाकरी करणाऱ्या भागिरथीच्या दोन बोटांना मशीनच्या तारांच्या पट्ट्या बांधल्या आहेत.)

लीना : मावशी, रेघ सरळच आहे. म्हणजे ताण नाही. तुम्ही एकदम निवांत आहात.

भागिरथी : निवांत? आन् हे कोन म्हनतंय, ही पट्टी?

लीना : ताण आला की बोटांना बारीक घाम येतो, दिसतही नाही. घामातून वीज चटकन जाते. ती हे मशीन मोजतं.

भागिरथी : एवढं शिकून तुमी घाम मोजाया आल्या व्हय? शेगडीपाशी या की, बादलीनं देते.

लीना : थट्टा नको. मॅनेजर नृसिंह सर म्हणालेत, ज्यांची रेघ चढेल त्यांनाच रजा.

भागिरथी : सरांची रेघ कवा तपासली? का ते जल्मापासनंच निवांत? बाई, माझी लेक जयमाला सातव्या महिन्यात हाय. काल बेलापूरवरनं उचलून श्रीरामपूरला दवाखान्यात नेली. बीपी लई वाढलंय. मी रजा मागितली, तर म्हनं मशीनला इचारा!

लीना : मला वाईट वाटतं हो. पण खोटा आकडा कसा लिहू?

भागिरथी : खोटा कोन मागतंय? माझी बोटं धरून बघा.

लीना : अगं बाई, किती कडक!

भागिरथी : रोज तीनशे भाकरी उलटते, हातानं. चटका बसला तरी मलाच कळत न्हाई, तुमच्या तारेला काय कळनार? मोठ्या आल्या मोजनाऱ्या!

लीना : चुकलं माझं. आधी हात बघायला हवा होता. पाय पुढे करा. तळव्याचा खोलगट भाग मऊ असतो, तिथे लावते.

भागिरथी : पायाला हात लावता? सरांनी बघितलं तर तुमचीच रेघ चढंल.

लीना : बघू देत. हं, आता स्वस्थ बसा.

भागिरथी : स्वस्थ बसा म्हनं! पोरगी तिकडं, मी हितं पाय फुडं करून.

लीना : तुमचा फोन वाजतोय.

भागिरथी : वाजू द्या.

लीना : मावशी, केवढी चढली रेघ! सरळ वर गेली! आत्ताच चार दिवसांची रजा लिहिते.

भागिरथी : लिवा.

लीना : फोनवर ‘सचिन’ दिसतंय.

भागिरथी : जावई हाय. दवाखान्यातनं असंल.

लीना : मग उचला ना!

भागिरथी : तुमीच उचला, बाई. माझ्यानं न्हाई हुत.