अंगणाकडचं दार

माझे वडील साखर कारखान्यात फिटर. सांगलीकडचा कारखाना, आणि कारखान्याची क्वार्टर्स, दोन रांगा समोरासमोर, मधे अंगण आणि अंगणात एकच नळ. आमच्या अख्ख्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. मी गेले. स्कॉलरशिपवर पुण्याला आर्किटेक्चरला गेले आणि पास होऊन आले, आणि हे मी सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. वडिलांनी काय करावं, तर वर्कशॉपमध्ये पितळेची पाटी घडवली, तिच्यावर माझं नाव कोरलं, कमल जाधव, खाली बी. आर्क. इंग्रजीत कोरलं, पोरगी कुठं जाईल कोणाला माहीत म्हणून. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, अहो, आडनाव बदलणार तिचं, पाटी वाया गेली. वडील म्हणाले, आडनाव बदलू दे, डिग्री काय बदलत नाही.

ती पाटी बॅगेत साड्यांच्या मधे घालून मी इकडं इंग्लंडला आले. आमचे हे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. मिल्टन कीन्स तेव्हा म्हणजे नुसता चिखल बघा, शहर सगळं कागदावर, आणि त्या कागदावरच मला नोकरी मिळाली, नव्या शहराच्या ड्रॉइंग ऑफिसात. माझी डिग्री इथं पूर्ण धरत नव्हते, असिस्टंट म्हणून घेतलं. त्याचा राग आला होता, अजून आहे थोडा.

तुम्ही ह्या शहराच्या जुन्या आठवणी लिहून घ्यायला आलात, तर ऐका, पहिल्या दिवशी ऑफिसात गेले तर काय सांगू तुम्हाला. मी इस्त्रीची साडी, वर कोट, आणि समोर हे आर्किटेक्ट लोक, खांद्यापर्यंत केस, दाढ्या, कार्पेटवर अनवाणी. आमचा टीमलीडर जेफ. हा बसनं इंग्लंडहून भारतात गेलेला, गोव्यात राहिलेला, आणि परत येऊन वेल्समधे मित्रांबरोबर त्रिकोणाला त्रिकोण जोडून घुमट बांधला आणि त्यात राहिला. घुमट गळायचा. विचारलं तर म्हणायचा, गळायचा ग, पण त्याला कोपरा नव्हता, कोपराच नसला की माणूस कोपऱ्यात जाऊन बसत नाही. भिंतीवर प्लॅनच्या शेजारी जांभळी-नारिंगी पोस्टरं, अक्षरं अशी वितळलेली की वाचायला मान वाकडी करावी लागायची. घराचे उभे छेद, म्हणजे सेक्शनसुद्धा रंगीत फेल्टपेननं काढायचे, झाडं गुलाबी, आभाळ पिवळं. आणि मीटिंग जमिनीवर. आम्ही घरी जमिनीवर बसायचो कारण खुर्ची एकच होती, ह्यांच्याकडं खुर्च्यांची रांग आणि बसणार खाली. मी आपली खुर्चीवर बसले. जेफ म्हणाला, कमल, खाली ये ना. म्हटलं, मी जन्मभर बसले खाली, आता तुम्ही बसा. हसले सगळे, पण मी काय उतरले नाही.

बाहेरचे लोक नावं ठेवायचे, हिप्पी आहेत, ह्यांच्या हातात शहर दिलंय. पण वेडे नव्हते हो ते. मला कॉलेजात पाच वर्षांत कोणी विचारलं नाही ते हे लोक विचारायचे, की ह्या घरात माणूस एकटा पडला तर उठून कुठं जाईल? शहराचा मोठा रस्ता सुद्धा सगळ्यात मोठ्या दिवसाचा सूर्य उगवतो त्या रेषेत धरलाय. वडिलांना पत्रात कळवलं तर त्यांनी लिहिलं, सूर्याला नमस्कार करावा, रस्ता कशाला वळवायचा. जेफला वाचून दाखवलं, तो खूश.

एकदा त्यानं विचारलं, तुझं लहानपणचं घर कसं होतं, आणि मी क्वार्टर्सचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर ड्रॉइंग. घरांच्या रांगा, मधे मोठं हिरवं अंगण, कुंपण कुठंच नाही, सगळ्यांची मुख्य दारं अंगणाकडं, आणि गाड्या मागं, किचनच्या बाजूला. मी बघितलं आणि म्हटलं, जेफ, नळ कुठाय? तो म्हणाला, नळ घराघरात आहे. म्हटलं, तेच सांगतेय. आमच्या बायका काय हौसेनं अंगणात येत नव्हत्या, पाण्याला येत होत्या. यायला काम नसलं तर कोण येतंय? त्यानं पेन घेतलं आणि अंगणाच्या मधोमध धुण्याची खोली काढली, मशीनं आणि बाहेर दोऱ्या. त्याची शाईची ड्रॉइंग मी केली. सगळी.

त्यातलंच एक घर आम्ही घेतलं. पाटी अंगणाकडच्या दाराला लावली, ह्यांनीच स्क्रू पिळले. चांगले दिवस होते. धुण्याच्या खोलीत सगळी भेटायची. जेफ आणि त्याची बायको सू पलीकडंच राहायची. मी शंकरपाळ्या दिल्या की डबा परत यायचा, मी एकदाच सांगितलं होतं की आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, तर तेवढ्यावर सगळ्या आळीनं ते धरलं. सू त्यात मसुराचा ब्रेड घालायची. दगड. आमचे हे म्हणायचे, अगं, डिग्री आहे ना तुझी, ह्याची भिंत बांध.

मग घराघरात मशीनं आली. साहजिक आहे, माझ्याकडंही आलं. धुण्याची खोली बंद झाली, आता तिथं कचऱ्याचे बिन ठेवतात. जेफ आणि सू पोर्तुगालला गेली, तिकडंच वारला तो. त्यांचं घर ज्यांनी घेतलं त्यांचा कुत्रा होता, त्यांनी कुंपण घातलं. मग दुसऱ्यांनी घातलं, लहान मुलं होती. कोणाला बोल लावू? गाडीतून उतरायचं, किचनमधून आत जायचं, दार लावायचं. तुम्हीही तिथूनच आलात. मी कुंपण घातलं नाही, पण तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांची कुंपणं उभी राहिली म्हटल्यावर माझं न घालताच झालं.

हे गेले त्याला सहा वर्षं झाली. नितीन, माझा मुलगा, लंडनकडं पिनरला असतो. चांगला आहे, सून चांगली आहे. आई, इकडं ये, वेम्बली जवळ आहे, आपली माणसं आहेत, देऊळ आहे, खालची रूम तुझीच आहे. खरंय सगळं. पण तिथं मी नितीनची आई, नातीची आजी. आणि इथं कोण, तर तेही कोणी नाही. दिवस दिवस तोंडातून शब्द निघाला तर रेडिओशी. बातम्या देणारीला मी गुड नाइट म्हणते. तर ह्या हिवाळ्यात मी नितीनला म्हटलं, ईस्टरला ये, घर विकायचं बघू.

आणि वादळ झालं. सकाळी बघते तर पलीकडचं कुंपण माझ्या गवतावर आडवं. थोड्या वेळानं क्रेग आला, इलेक्ट्रिशियन आहे, जेफच्या घरात आता तो आणि त्याची बायको जेड असतात. पडलेल्या फळ्यांवरून चालत आला आणि माझं अंगणाकडचं दार वाजवलं. किती वर्षांनी वाजलं म्हणाल. मला आधी कळेचना कुठलं दार. उघडलं तर तो सॉरी म्हणायचं सोडून पाटी वाचतोय. तुम्ही आर्किटेक्ट? म्हटलं, हो, तुझं घर मीच काढलंय, जिना अरुंद आहे तेवढं सोड, तो जेफचा हट्ट. तो म्हणाला, चार वर्षं झाली आम्हाला, मला वाटायचं हे तुमचं मागचं दार.

कुंपण पडलेलं होतं तोवर त्यांची छोकरी रांगत माझ्या पायरीपर्यंत यायची. जेड तिला न्यायला यायची आणि चहाला बसायची. मी शंकरपाळ्या केल्या, डबा भरून दिला. मग क्रेग म्हणाला, शनिवारी नवीन कुंपण येतंय. मी कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि कुंपणात एक छोटं फाटक काढून दिलं, मापं घालून. त्यानं कागद बघितला, म्हणाला, जेडला विचारतो.

शनिवारी मी रेडिओ मोठा करून आत बसले. ठोकाठोक थांबल्यावर बाहेर आले. फाटक आहे. माझ्या मापाचं आहे. कडी त्यांच्या बाजूला आहे.

अजून उघडलेलं नाही. पोर लहान आहे, दोघं कामाला जातात, त्यांना कुठला वेळ. सुखी राहोत. नितीनचा फोन आला, आई, मग ईस्टरला न्यायला येऊ ना? म्हटलं, थांब जरा, माझा डबा पलीकडं आहे. तो म्हणाला, अगं आई, डबे वेम्बलीत ढिगानं मिळतात. म्हटलं, मिळत असतील.

तुम्ही येणार म्हणून सकाळी चिंचेनं पाटी घासली. जाताना त्या बाजूनं जाता यायचं नाही, कडी पलीकडून आहे. पण चला, दार उघडते, पाटी तेवढी वाचून जा.