कुंकवाखालचं बटन

वरवट बकालच्या ऑनलाइन सेंटरवर बोंडअळीची तक्रार नोंदवायचा तो शेवटचा दिवस. रांगेत गोपाळच्या पुढं एकटे शकूरचाचाच उरले होते आणि नेमका तेव्हाच सेंटर चालवणाऱ्या गंधारचा लॅपटॉप अडून बसला.

"काऊन थांबला बे?"

"चाचा, तुमचा आधार नंबर टाकून राह्यलो, पण आकडे उमटतच नाहीत. नुसती रेघ इकडून तिकडं पळते."

"बटनावर त आकडे लिहेल हायेत."

"लिहेल हायेत, पण चालत नाहीत."

"बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीवरही लिहेल होतं, अळी लागत नाही म्हणून. वरच्या रांगेतले आकडे दाब."

"त्याच्यावर चहा सांडला होता, मेले थे. उजवीकडच्यांचं नंबर लॉक चालू करा लागते."

"मंग कर."

"त्याचं बटन कुंकवाखाली हाय. दसऱ्याले आईनं लॅपटॉप पूजला. पुसू नको म्हणे, बरकत जाते."

"सरक, मी पुसतो. माही बरकत त अळीनं कवाचीच खाल्ली."

गोपाळनं न मागताच आपला रुमाल पुढं केला.

"हे पाय, निघालं. दाब."

"दाबलं. बारीक लाइट लागला. उमटले आकडे, चाचा."

"मंग हाण लवकर, मांगं लोकं ताटकळले."

"नुकसान किती टक्के?"

"शंभर."

"ही चौकट दोनच आकडे घेते. नव्व्याण्णव टाकू?"

"टाक. अन् राह्यलेला एक टक्का कापूस वावराच्या कोणत्या धुऱ्यावर हाय, थे तुह्या लॅपटॉपले विचारून सांग. चाचीले वेचाले धाडतो."