कोरीटचा गप्पांचा बाक

हॅलो?… हो, चेतनाच बोलतेय. योगेंद्र, आवाज तुटतोय तुझा, खिडकीपाशी ये… हां, आता बोल.

आईकडेच आहे, कोरीटला. सकाळच्या गाडीने आले नंदुरबारहून… बरी आहे रे ती. आज भाकरी मागून घेतली.

म्हणजे काय? महिनाभर नीट जेवत नव्हती ती… तुला कोण सांगणार? आई? तुझ्या योजनेने मला घरात बसवलं, असं ती तुला सांगेल होय?

हो, तुझ्याच. गप्पांच्या बाकाच्या… अरे, ऐक ना. तू त्या बर्फाच्या देशात दौऱ्यावर गेलास. तिथे म्हातारी माणसं बाकावर ऊन खात बसतात, येणारा-जाणारा दोन शब्द बोलतो, एकटेपणा जातो. तू येऊन सांगितलंस, तुझ्या खात्याला पटलं. पहिलं गाव म्हणून तू आपल्या कोरीटचंच नाव दिलंस, आपल्या आईसाठी… कळतं रे मला. तिलाही कळतं, म्हणून तर गप्प राहिली.

कट्टा? कट्टा कुठला आता. आई, कालीबाई, धनुबाई रोज बसायच्या तो निंबाखालचा कट्टा फोडून ठेकेदाराने त्याच दगडांनी बाकाचा पाया भरला… तसं ठरलं नव्हतं? बरं. आणि ‘उघडी, भरपूर उन्हाची जागा’ हे कोणी लिहिलं?… तिकडून आलं तसंच. म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात, उघड्यावर, स्टीलचा बाक.

हो, बसली ना धनुबाई एकदा. चटका बसला, उठली ती सरळ घरी गेली. मग कालीबाई यायची थांबली, मग आई. कट्टा नाही, बाकावर बसवत नाही… दिवसभर टीव्हीपुढे, तोही आवाज बंद करून.

हो, आली होती तुमची पाहणीवाली माणसं दुपारी, एक साहेब आणि एक मॅडम. घरी येऊन विचारलं, “आजी, आता एकटं वाटत नाही ना?”… आई काय म्हणणार? म्हणाली, “मी एकली नव्हतू भाऊ, तुम्हना बाकनी माले एकली करं.”

चिडून नाही रे. आधी पाणी दिलं प्यायला, मग म्हणाली… त्यांना कुठली अहिराणी कळते? मॅडमनी विचारलं, आजी काय म्हणाल्या? साहेब म्हणाले, “समाधानी आहेत.”

पुढे काय, बाक बघायला गेले. रिकामा. साहेब खूश. बाकावर कोणी नाही, म्हणजे गावात एकटं कोणी उरलं नाही. आता जिल्हाभर बसवणार म्हणे… हसत नाहीये मी. पुढच्या दौऱ्यालाही तुलाच पाठवणार, असं बोलत होते.

आई? आई काय करते, त्यांची गाडी गेली तशी उठली आणि खाट ओढायला लागली. म्हटलं, कुठे? “धर तिकडनं,” म्हणाली. धरली. निंबाखाली नेऊन टाकली. कालीबाईने दारातून बघितलं, तिनेही आपली आणली. धनुबाई तर उशीसकट आली. भाकरीही तिथेच खाल्ली सगळ्यांनी.

परवानगी? खाटेला?… योगेंद्र, जरा बस खाली. पाणी पी.

नाही, रागावली नाहीये तुझ्यावर. तुझंच विचारत होती. तुझी हेमांगी पोराच्या क्लाससाठी त्याला घेऊन कोट्याला जाऊन राहिली, मग घरी आल्यावर “तो कोनासंगे बोलस मंग?”… मी म्हटलं, विचारते.

काय सांगू तिला?

हॅलो?… योगेंद्र?… ऐकू येतंय ना?

बरं, नको बोलू. मीही निंबाखालीच आलेय. थांब, ठेवते फोन… अरे, बंद नाही करत. इथे खाटेवर ठेवते, आईजवळ. कालीबाई तिच्या सुनेचं काहीतरी सांगतेय. तू ऐक नुसतं.