सिग्नल मोडून गेलेल्या इंजिनाबाबत

जबाब देणार चंद्रभान तानबा झाडे, वय ५१ वर्षे, धंदा रेडिओ दुरुस्ती व मंडपाची लायटिंग, राहणार देवळी, जिल्हा वर्धा. दिनांक ५ सप्टेंबर १९८४, दुपारी चार वाजता.

ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगतो, की मी वरील ठिकाणी बायको कोकिळा हिच्यासह राहतो. मुलगी गोपिका गावातच दिली आहे. तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही, मधुकरराव नानाजी भोयर हे रेल्वेच्या केबिनमध्ये एकतीस वर्षे सिग्नल पाडून गेल्या वर्षी रिटायर झाले. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध आहे. ते सध्या ठाण्याच्या बाकावर बसले असून चोरीचा माल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे.

यंदा आमच्या गणेश मंडळाने रेल्वेचा देखावा केला. देवळीत रेल्वे नाही, निदान मंडपात तरी असावी, असे अध्यक्ष अण्णाजी म्हणाले. काम मला दिले. गेल्या वर्षी माझी लायटिंग ऐन आरतीत गेली होती. तेव्हापासून गावात कोणाच्याही घरची बत्ती गेली, की लोक "चंद्रभाननं लावली होती काय?" असे विचारतात. आज सहा वाजता वर्ध्याहून परीक्षक येणार आहेत. गाडी चालली नाही तर या गावात पुन्हा खांबावर चढणार नाही, असे मी पंधरा माणसांत बोलून बसलो आहे.

दोन तखतांवर फळ्या टाकून मी गोल रूळ बसवले. इंजिन टेपरेकॉर्डरच्या मोटरीवर चालते, डबे पत्र्याचे आहेत. स्टेशनात, फाटकावर व देवळात मिळून टॉर्चचे बावीस बल्ब लावले. सर्व वायरी फळीखालून नेल्या व कोणती कुठली ते कळावे म्हणून प्रत्येकीला कोकिळेच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. लुगडे जुने होते, यावर तिचे माझे अजून एकमत नाही. सिग्नलच्या बल्बांना जिलेटिनचा रंगीत कागद गुंडाळला. सहा दिवस गाडी बिनतक्रार फिरली.

आज सकाळी सिग्नलचा हिरवा बल्ब उडाला. दुकानात तसा दुसरा नव्हता. विझलेला दिवा मला पाहवत नाही, म्हणून ती वायर मी सिग्नलच्या दुसऱ्या बल्बाला जोडून दिली. तो बल्ब पिवळा होता. पिवळाच होता, हे नीट लिहून घ्यावे. सिग्नलला पिवळा कुठून आला, असे हवालदारांनी विचारले. जिलेटिन फिकट होते.

अकराच्या सुमारास मधुकरराव दर्शनाला आले. गाडीने त्यांच्यासमोर तीन फेरे घेतले. चौथ्याला ते "गाडी रोका!" असे ओरडले. नैवेद्य घेऊन आलेल्या आनंदाबाईंच्या हातचे ताट हलले.

मला म्हणाले, "ड्रायव्हर कोन हाय?"

मी म्हणालो, "इवाईबुवा, खेळण्यातली गाडी हाय. बटन माह्या हातात हाय."

"मंग तुमीच ड्रायव्हर. लाल सिग्नल असून गाडी काऊन पुढं नेली? एक डाव नाई, तीन डाव."

"हिरवा उडाला. बंद ठेवला असता त चाललं असतं काय?"

"विझलेला सिग्नल म्हंजे बी लालच. रूल हाय."

त्यांनी मला सर्वांसमक्ष सस्पेंड केले. चालते इंजिन उचलले आणि चौकशी होईपर्यंत ते अटकेत राहील, असे सांगून खिशात घातले. इंजिन गरम होते, तरी काढले नाही. डबे रुळावर उभे आहेत.

बल्ब लाल होता, असे जबाबात लिहून द्या आणि इंजिन न्या, असे त्यांचे म्हणणे आहे. मी नकार दिला. मुलीचा बाप म्हणून जेवढे वाकायचे, तेवढे मी लग्नातच वाकलो आहे. आता हे वाकणे ठाण्याच्या कागदावर राहील व ते दर दिवाळीला वाचून दाखवतील.

पावणेपाचला गोपिका चहा घेऊन आली. पहिला कप सासऱ्यांना दिला, मग मला. हळूच म्हणाली, "बाबा, रिटायर झाल्यापासून मामाजीले घरात कोनी काई विचारत नाई. रोज सकाळी खुंटीवरची रेल्वेची हातबत्ती पुसतेत अन् परत टांगून देतेत. आज किती महिन्यानं त्याइचा आवाज निंगाला." मी चहाचा घोट घेतला. तिने साखर जास्त घातली होती.

चहा झाल्यावर मी मधुकररावांना विचारले, की बत्तीची हिरवी काच शाबूत आहे काय. ते म्हणाले, "हाय. पन पहिले जबाब."

जबाब हवालदारांनी बाकावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचला. सगळे मी बोललो तसेच उतरले आहे. फक्त बल्बाच्या ओळीत जिथे जिथे पिवळा आहे, तिथे खोडून लाल करावे. जिलेटिन नवीन होते. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. इंजिन चालू स्थितीत मिळाले. मधुकरराव बत्ती आणायला घरी गेले आहेत. परीक्षक आले तरी थांबतील, मधुकररावांनी हिरवा दाखवल्याशिवाय मी बटन दाबणार नाही.

सही: चंद्रभान तानबा झाडे. वेळ पाच वाजून वीस मिनिटे.